श्रीसंत गाडगे महाराज आणि वाळवंटातली सेवा

वऱ्हाडात अंजनगाव सुर्जीच्या बाजूला शेंडगाव म्हणून एक खेडे आहे. त्या गावी परीट समाजातील झिंगराजी जानोरकर यांच्या घरी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव डेबूजी ठेवले. आईचे नाव सखूबाई. झिंगराजी दारूच्या नादी लागून अकालीच गेले आणि सखूबाई पोराला पोटाशी धरून माहेरी, दापुऱ्याला, भावाच्या आसऱ्याला आली. तेथे डेबूजीचे लहानपण गुरे राखण्यात आणि पुढे नांगर धरण्यात गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली, त्या दुःखाने घर खचले, आणि पोरगा समजायच्या वयाचा होतो न होतो तोच त्याला दारू, कर्ज आणि अज्ञान या तीन गोष्टी घर कसे खातात ते दिसून चुकले.

हाच डेबूजी पुढे श्रीसंत गाडगे महाराज झाला. बाबांची चरित्रे पुष्कळ आहेत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांचे चरित्र लिहिले. त्यांचे कीर्तन, जातिभेदावरचा त्यांचा राग, पशुहत्येचा निषेध, शिक्षणाची कळकळ, या सगळ्यांवर वाचकांनी वाचलेले असेलच. येथे आम्ही त्या चरित्राचा एकच धागा धरतो. रोगराई येण्याआधी काय करावयास हवे, हे ज्याला कुणी शिकविले नव्हते अशा निरक्षर माणसाने ते जन्मभर करून दाखविले, तो हा धागा.

त्या काळचे खेडे डोळ्यांपुढे आणा. विहिरीला कठडा नाही. विहिरीवरच धुणे, तेथेच गुरांना पाणी पाजणे, आणि सांडलेले पाणी चिखलातून पाझरत परत विहिरीतच. घरामागे उकिरडा. शौचाला ओढ्याच्या काठी बसायचे, आणि उन्हाळ्यात विहीर आटली की त्याच ओढ्यात झरा उकरून प्यायचे पाणी भरायचे. पहिला पाऊस पडला की काठावरची सारी घाण वाहत पाण्यात यायची. मग जेठ-आषाढात पटकी सुरू व्हायची. सकाळी धडधाकट असलेला माणूस ओकारी आणि जुलाबाने संध्याकाळपर्यंत संपायचा. अंगातले पाणी आणि मीठ निघून गेले म्हणजे माणूस सुकतो, त्याचे डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात. मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजून यातली बहुतेक माणसे वाचविता येतात, हे जगाला पटायला १९७१ साल उजाडावे लागले. बंगालमधील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते करून दाखविले. डेबूजीच्या लहानपणी हे ज्ञान कुठले? १८८४ साली कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात या रोगाचा जंतू दाखविला खरा, परंतु ती बातमी दापुऱ्याच्या वेशीपर्यंत कोण आणणार!

वेशीपर्यंत येत होती ती मरीआई. साथ आली की गावकरी वर्गणी काढीत, बकरे किंवा रेडा मारीत, आणि मरीआईचा गाडा ओढीत नेऊन दुसऱ्या गावच्या शिवेत सोडून येत. म्हणजे आपली पीडा शेजाऱ्याच्या दारात. शेजारचे गाव तो गाडा पुढच्या शिवेत ढकली. कुणाच्याही विहिरीला मात्र कठडा बांधला जात नसे. बकऱ्याला जेवढा पैसा लागे तेवढ्यात विहिरीभोवती चार दगड बसले असते. पण दगडाला नवस फेडल्याचे पुण्य नाही ना! बाबांचा पुढे कीर्तनातून पशुबलीवर एवढा कटाक्ष होता, त्याच्या मागे जीवदया होतीच. परंतु आमच्या मते दुसरेही एक कारण होते. जत्रेतल्या कंदुरीत आणि दारूत गावाचा जो पैसा जातो, तो गावाच्या कामी यावा हा त्यांचा हिशेब होता. परीट आणि शेतकरी दोघांचाही हिशेब रोकडा असतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे, बायको-मुले निजलेली असताना, डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. त्या फुटक्या गाडग्यात भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. लोकांनी गाडगेबाबा म्हटले ते यावरून. पुढची बारा वर्षे हा माणूस महाराष्ट्रभर हिंडला. त्याची रीत ठरलेली होती. गावात शिरायचे, कुणाला नाव सांगायचे नाही, आणि सरळ खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेले दिसले की हाताने उपसायचे. चढाच्या वाटेवर दगड निघालेले दिसले की उचलून बाजूला करायचे. पोरे वेडा समजून मागे लागत. बाया दार लावून घेत. दिवसभर काम झाले की मगच कुणाच्या दारी भाकरी मागायची. फुकटची भाकरी बाबांनी खाल्ली नाही.

संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. गावाने सकाळी ज्याला वेडा म्हटले तोच आता उभा राहून वऱ्हाडी बोलीत गावालाच प्रश्न विचारतो आहे, असा तो प्रकार. बाबा उपदेश करीत नसत हो, ते विचारीत. एकेक प्रश्न असा की श्रोत्याच्या तोंडून उत्तर आपोआप निघावे आणि निघाल्यावर त्याचे त्यालाच ओशाळे वाटावे. देवाच्या नावाने बकरे मारता, देवाने ते कधी मागितले काय? कर्ज काढून जेवणावळी घालता, ते फेडणार कोण? या अंगाने कीर्तन चाले. अंगारा-धुपारा, देवऋषी, नवस यांची ते रेवडी उडवीत, आणि आजाऱ्याला औषधपाणी करा म्हणून विनवीत. आणि सकाळी गाव उठून पाहते तो बाबा गेलेले असायचे. खराटा मात्र गावातल्या चार पोरांच्या हाती राहिलेला असायचा.

घर सोडल्यावरचे पहिले मोठे काम ऋणमोचनचे. हे क्षेत्र पूर्णा नदीच्या काठी आहे. पौषात रविवारी तेथे जत्रा भरते. लोक स्नानाला उतरायचे ते गुडघाभर चिखलातून. म्हातारी माणसे घसरून पडायची. बाबांनी काय केले? कुणाला अर्ज केला नाही, सभा घेतली नाही. टोपले घेऊन माती आणि दगड वाहायला सुरुवात केली. हळूहळू लोक सामील झाले, वर्गणी आली, आणि पुढे तेथे घाट उभा राहिला. बाबांच्या सगळ्या कार्याचा नमुना येथे पाहावयास मिळतो. आधी स्वतःचे हात, मग गावाचे हात, मग गावाचा पैसा, आणि शेवटी दगड-चुन्याची वस्तू, जी बाबा तेथून निघून गेल्यावरही उभी राहते.

आता पंढरीकडे वळू. आपणां वारकऱ्यांना येथे थोडे कडू ऐकून घ्यावे लागेल.

आषाढीला लाखो माणूस पंढरीला येतो. आज येतो तसा त्या वेळीही येत होता, फक्त संख्या कमी होती. अठरा-वीस दिवस चालून आलेली, पावसात भिजलेली, अर्धपोटी माणसे एका लहानशा गावात उतरत. उतरायला जागा नाही म्हणून वाळवंटात झोपत. शौचाला जागा नाही म्हणून त्याच वाळवंटाच्या कडेला बसत. आणि सकाळी चंद्रभागेत स्नान करून ओंजळभर तीर्थ भक्तीने तोंडात घेत. पटकीचा जंतू माणसाच्या मैल्यातून पाण्यात येतो आणि पाण्यावाटे दुसऱ्या माणसाच्या पोटात जातो. त्याला यापेक्षा सोयीचा मार्ग कुणी करून दिला नसता. तीर्थाच्या पावित्र्याला यात काही बाध नाही. पाणी पवित्रच होते. ते मैले केले आपणच. मग परतीच्या वाटेवर दिंडीतली माणसे दगावायची आणि ज्या गावी मुक्काम पडे त्या गावच्या विहिरीतही रोग उतरायचा.

सरकारने यावर काढलेला उपाय ऐकण्यासारखा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली इंग्रजांनी साथरोगाचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा. साथ आली असता सरकारने वाटेल ते हुकूम काढावे, लोकांना अडवावे, तपासावे, न ऐकणाऱ्याला शिक्षा करावी, एवढे त्यात होते. साथ येऊ नये म्हणून कुठे नळ घालावा, कुठे शौचकूप बांधावा, कुठे दवाखाना काढावा, याविषयी त्यात अक्षर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तर पालख्याच रोग वाहून नेतात असा सरकारी अधिकाऱ्यांचा ग्रह झाला आणि पालख्यांवर बंधने येऊ लागली. यात्रेकरूंना पटकीची लस टोचण्याचे पुढे आले ते ठीकच झाले. ती लस घेतलेल्यांना काही महिने तरी आधार मिळे. परंतु टोचून घेतलेला वारकरीसुद्धा रात्री झोपणार कुठे आणि पाणी पिणार कुठले, हा प्रश्न तसाच राहिला.

बाबांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. आषाढी-कार्तिकीला ते पंढरीला येत, पण देवळाच्या रांगेत ते दिसत नसत. गर्दी दर्शनाला धावे तेव्हा बाबा खराटा घेऊन वाळवंटात आणि गल्ल्यांत असत. लाखोंनी केलेली घाण उचलीत, पुरीत, पाणी मारीत. बरोबरची माणसेही तेच करीत. त्यांना विठोबाविषयी आस्था नव्हती असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याच्या तोंडी अखंड देवकीनंदनाचे नाव आणि ज्याने पंढरीची वाट चुकविली नाही, त्याच्या आस्थेची मोजदाद इतरांनी कशाला करावी!

झाडणे एका दिवसाचे, हे बाबांना ठाऊक होते. दशमीला झाडलेले वाळवंट द्वादशीला पुन्हा तसेच. म्हणून त्यांनी धर्मशाळा बांधावयास घेतल्या. पंढरपुरात १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी राहू लागली. चोखोबांचे नाव देण्यात हेतू उघड होता. ज्या माणसांना गावात कुणी ओसरी देत नव्हते, ज्यांना उघड्या वाळवंटाखेरीज जागाच नव्हती, त्यांना आधी छप्पर. साथीचा पहिला घास नेहमी हीच माणसे होत. मागाहून मराठा धर्मशाळा झाली, परिटांची झाली. आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पुणे, येथेही झाल्या. कुणाला वाटेल, धर्मशाळा म्हणजे पुण्याचे काम, आरोग्याचा तिच्याशी काय संबंध? संबंध असा की धर्मशाळा झाली म्हणजे माणूस कोरड्या जागी झोपतो, स्वयंपाकाला ओटा मिळतो, पाणी एका ठिकाणी राखलेले असते, आंघोळीला आणि शौचाला ठरलेली जागा असते, आणि झाडलोटीला जबाबदार माणूस असतो. डॉक्टर ज्याला आरोग्याची व्यवस्था म्हणतात तिचा पाया यापेक्षा निराळा नाही. औषध त्याच्यावरचा मजला.

यातली दुसरी गोष्ट आम्हास अधिक मोलाची वाटते. बाबांनी लाखोंच्या इमारती उभ्या केल्या आणि एकही आपल्या नावावर ठेवली नाही. विश्वस्त मंडळे केली, कागद केले, कारभार दुसऱ्यांच्या हाती सोपविला, आणि घरच्या माणसांना त्यात शिरकाव दिला नाही. स्वतःच्या बायकोला धर्मशाळेतल्या पक्क्या खोलीत सुखाने राहू न देता झोपडीत ठेवल्याबद्दल बाबांवर लोक रागावत, आणि त्या बिचाऱ्या कुंताबाईंचे हाल वाचताना आजही मन कळवळते. या बाबतीत बाबा कठोर होते हे कबूल केले पाहिजे. १९२३ च्या मे महिन्यात त्यांचा मुलगा गोविंदा गेला. ती बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तनात कळली, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. अशा माणसाच्या संसारात कोण सुखी होणार! पण या कठोरपणामुळेच धर्मशाळांना वारस लागला नाही, वाटणीचा दावा लागला नाही. चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि कामाची घडी बसली. एक माणूस कितीही मोठा असला तरी तो झाडून झाडून किती झाडणार, हे ओळखून बाबांनी ही तजवीज केली.

बाबांच्या पश्चात काय झाले तेही सांगितले पाहिजे. २००० साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावागावांत चढाओढ लागली, बक्षिसे लागली. पुष्कळ गावांत शौचालये बांधली गेली, हागणदारी हटली, याबद्दल ऋणी राहिले पाहिजे. काही गावांत मात्र तपासणीचे पथक येण्याच्या आदल्या दिवशी खराटा निघायचा आणि बक्षीस मिळाले की माळ्यावर जायचा, हेही आपण पाहिलेले आहे. पंढरीत नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ यात्रेकरूंसाठी आखला गेला. २०१५ पासून पालखीच्या मुक्कामावर फिरती शौचालये येऊ लागली. त्याआधी पालखी पुढे गेली की मागच्या गावाला चार दिवस नाक धरून बसावे लागे. दिंडीचे चोपदार, विणेकरी यांनी मनावर घेतले आणि सवय लागू लागली. वाटेवर पाण्याचे टँकर तपासणे, दवाखान्याची गाडी बरोबर असणे, हेही आता दरवर्षी होते. ही बाबांच्या वाटेवरची पावले आहेत.

आणि मग २०२० साल आले. करोनाची साथ आली आणि सरकारने पुन्हा तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरीला गेल्या. १ जुलै २०२० च्या आषाढीला वाळवंट रिकामे होते. २०२१ सालीही तेच. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या वारी चुकली नव्हती त्यांनी गळ्यातला वीणा घरच्याच खुंटीला टांगून भजन केले. वारी थांबविली हे त्या वेळी योग्यच होते, आणि वारकऱ्यांनी ते शिस्तीने पाळले याचा आम्हास अभिमान आहे. पण तालुक्याच्या गावी खाटा नाहीत, प्राणवायू नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी, हे त्या दोन वर्षांत ज्यांनी घरच्या माणसासाठी धावाधाव करताना पाहिले, त्यांना मरीआईचा गाडा आठवल्याखेरीज राहिला नसेल. एका दवाखान्याने पुढच्याकडे ढकलायचे, पुढच्याने त्याच्या पुढच्याकडे.

दवाखान्यांचा विषय निघाला म्हणून बाबांच्या अखेरच्या वर्षांतले एक काम सांगतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून आजारी येत. आजाऱ्याला आत खाट मिळे. बरोबर आलेली आई, बायको, भाऊ रस्त्याच्या कडेला पथारी टाकीत, तेथेच तीन दगडांवर भात शिजवीत, पावसात भिजत, आणि कित्येकदा आजाऱ्याआधी स्वतःच आजारी पडत. इस्पितळ बांधणाराच्या नकाशात या माणसांना जागा नव्हती. बाबांच्या नजरेला आधी तीच दिसली. रुग्णालयाजवळ त्यांच्यासाठी धर्मशाळा झाली. पंढरीच्या वाळवंटात जे केले तेच त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर केले.

१९५६ साली बाबांची प्रकृती ढासळली. ८ नोव्हेंबरला वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचे कीर्तन झाले, तेच शेवटचे. ते ध्वनिमुद्रित झालेले असल्याने त्यांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, मोटारीतून अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस आहे. घर, शेत, ठेव, असे त्यांच्या नावावर काहीच निघाले नाही. धर्मशाळा चालू राहिल्या. मुंबईत दादरला पुढे मिशनने आणखी एक काढली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारी परगावची माणसे आणि त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात.